रिकाम्या गाडीचं वजन

बांबोळीच्या डॉक्टर बार्रेटोंनी तक्ता दिलाय.
आडवे दिवस, उभे आकडे:
वर पाच, खाली उणे पाच,
मधोमध शून्याची जाड रेघ.
तळाला झोप किती तास, गोळी घेतली का,
आणि 'विशेष' नावाची बोटभर चौकट,
तिच्यात माझं काय मावणार.

"रात्री जेवल्यावर एक टिंब," बाई म्हणाल्या,
"विचार करत बसू नका."
म्हटलं, मॅडम, एकोणीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर बसलोय,
आकडे भरायला मला कशाला शिकवता.
त्या हसल्या नाहीत.

पाच म्हणजे आनंद, असं मला आधी वाटायचं.
मग त्यांनी विचारलं, कुंपणाची भिंत कधी रंगवलीत?
पहाटे तीनला. निळी.
आणि सुपारीची दोनशे रोपं?
त्याच आठवड्यात.
जागा किती आहे?
तीनशे मीटर, घर धरून.
रोपं अजून आहेत, म्हणजे काड्या आहेत.
शेवंती त्यांच्यावर पायपुसणी वाळत घालते.

उणे पाचबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
पोदेर भोंगा वाजवत येतो,
आमच्या दाराशी थांबतो,
जातो.
तेवढं ऐकू येतं.

गेल्या खेपेला तक्ता भरायचा राहूनच गेला.
साखळीला कदंबात बसल्यावर
मांडीवर घेऊन सगळा महिना भरून टाकला.
शून्य, शून्य, एक, शून्य,
उणे एक (खरं वाटावं म्हणून),
शून्य.
चवथीला दोन, माटोळी बांधली म्हणून.
माटोळी दयेशनं बांधली, माझ्या मेव्हण्यानं.
मी आतल्या खोलीत
भिंतीकडे तोंड करून
नारळ सोलल्याचा आवाज ऐकत होतो.

बाईंनी कागद उजेडाकडे धरला.
"तीस दिवस एकच पेन?"
घरात एकच आहे, म्हटलं.
"आणि तीसही दिवस घर असं हलत होतं?"

तेव्हा मला गाड्या आठवल्या.
दहा टन दोनशे. दहा टन दोनशे.
दहा टन एकशे ऐंशी (खरं वाटावं म्हणून).
स्प्रिंगा पोटात गेलेल्या, टायर फुगवटा धरलेले,
आणि मी खिडकीतून पावती पुढे करतोय,
चहा एका हातात.
कागदावर कधी कुणाचं काही जास्त झालं नाही.
रस्ता मात्र खचत गेला.

शेवंतीनं पिशवीतून कॅलेंडरची पानं काढली.
मला ठाऊकच नव्हतं.
दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक अक्षरात ज, म्हणजे जेवले नाहीत.
फे, म्हणजे रात्रभर फेऱ्या.
बो, म्हणजे बोलले; तो महिन्यात चार वेळा,
एकदा दोन बो जोडून.
एका चौकटीत काहीच नाही,
नुसता पेन टेकवून ठेवल्याचा डाग.
बाईंनी विचारलं, इथे काय?
ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
त्या दिवशी विहिरीवर जाळी बसवून घेतली.

मला तेव्हा म्हणाली होती,
मांजर पडतं.

सकाळी पहिली गाडी यायच्या आधी
काटा शून्यावर आणावा लागे.
वर कुणी नसताना तो चाळीस किलो दाखवायचा,
कधी साठ.
पत्र्याच्या फटीत बसलेला लाल चिखल.
खराट्यानं काढायचो, खिळ्यानं उकरायचो,
पुरता कधीच निघाला नाही.
मग बटण दाबायचं आणि म्हणायचं,
चला, आजचं शून्य हे.

आज उणे दोन.
झोप साडेतीन तास. गोळी घेतली.
पेन शेवंतीचं, टेबल स्थिर.
'विशेष'मध्ये बराच वेळ काही सुचलं नाही.
मग लिहिलं,
आमच्याकडे मांजर नाही.